झाडावर टांगायच्या ख्रिसमस कुकीज: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ख्रिसमस ट्रीवर टांगायला कुकीज करायच्या ठरल्या की बहुतेक जण आपली हातखंडा बटर कुकीची कृती काढतात, ताऱ्याचे आणि घंटेचे आकार कापतात, वर एक भोक पाडतात आणि रिबीन ओवून मोकळे होतात. एक-दोन दिवसांत झाडाखाली तुकडे दिसू लागतात. यात हाताचा दोष नसतो, कृतीच चुकीची निवडलेली असते. खायच्या कुकीत आपल्याला जे हवे असते, म्हणजे तोंडात टाकताच विरघळणारा खुसखुशीतपणा, तेच टांगायच्या कुकीच्या मुळावर येते. तिला आपले वजन भोकाभोवतीच्या बोटभरही नसलेल्या पट्टीवर तोलायचे असते, तेही कित्येक दिवस. त्यामुळे आधी मजबुती, मग कोरडेपणा आणि शेवटी चव, हा क्रम मनाशी पक्का करा. पुढची प्रत्येक पायरी या क्रमातूनच निघते.

झाडाला खाऊ टांगण्याची रीत जुनी आहे. १६०५ सालच्या स्ट्रासबर्गमधल्या एका प्रवासवर्णनात, लोक घरात सूचिपर्णी झाडे उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लावतात, असा उल्लेख आहे. काचेच्या चकचकीत गोळ्यांचे दिवस त्यानंतर आले.

कोणते पीठ घ्यावे

नवख्यांना मी डोळे झाकून जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या कुकीचे, पीठ सुचवते. त्यात मध किंवा तत्सम घट्ट गोड द्रव असतो, लोणी बेताचे असते आणि भाजल्यावर ते कडक होते. साध्या शुगर कुकीच्या पिठातही टांगायच्या कुकीज होतात, पण त्यात मोहन थोडे जरी जास्त पडले तरी कुकी ठिसूळ होते आणि ओव्हनमध्ये पसरून आकाराच्या कडा बोथट होतात. जिंजरब्रेड त्या मानाने माफ करणारे पीठ आहे. शिवाय सुंठ-दालचिनीचा वास खोलीभर राहतो तो वेगळाच.

सुमारे ७ सेंटिमीटरच्या २० ते २५ कुकीजसाठी:

मैदा ३५० ग्रॅम
लोणी ११० ग्रॅम, बिनमिठाचे
ब्राऊन शुगर १२० ग्रॅम
मध १०० ग्रॅम
अंडे १
सुंठ पूड २ छोटे चमचे
दालचिनी पूड २ छोटे चमचे
लवंग पूड आणि जायफळ पूड प्रत्येकी पाव छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा
खायचा सोडा पाव छोटा चमचा

सोडा इतका कमी का, असा प्रश्न पडेल. खायच्या जिंजरब्रेडमध्ये तो याच्या चौपट असू शकतो, कारण तिथे हलकेपणा हवा असतो. इथे फुगणे नकोच आहे. पीठ फुगले की भोक बुजते, कडा गोल होतात आणि वरचा पृष्ठभाग उंचसखल होऊन आयसिंग सरळ बसत नाही. चिमूटभर सोडा फक्त रंग छान यावा म्हणून. तो अजिबात नाही घातला तरी बिघडत नाही.

अंडे नको असेल तर ३ मोठे चमचे दूध घाला. कुकी किंचित जास्त ठिसूळ होईल, एवढाच फरक. मोजमाप मात्र वाटीने न करता वजनकाट्यावर करा. वाटीत मैदा दाबून भरला की हलका भरला यावर वजनात बराच फरक पडतो आणि या पिठाला तो चालत नाही.

मळणे आणि लाटणे

लोणी, साखर आणि मध मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत गरम करा, उकळू देऊ नका. कोमट झाल्यावर त्यात अंडे फेटून घाला. गरम असताना घातले तर अंड्याच्या गुठळ्या होतील. मैदा, मसाले, मीठ आणि सोडा एकत्र चाळून त्यात मिसळा आणि गोळा करा. या टप्प्यावर पीठ हाताला चिकटेल आणि आणखी मैदा घालायचा मोह होईल. घालू नका. दोन चपटे गोळे करून कागदात गुंडाळा आणि फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा, रात्रभर ठेवले तर अधिक चांगले. लोणी गोठते, मैदा ओलावा शोषून घेतो आणि तेच चिकट पीठ लाटण्याजोगे होते.

लाटताना जाडी ५ ते ६ मिलिमीटर ठेवा. पातळ कुकी नाजूक आणि सुंदर दिसते खरी, पण भोकापाशी पहिली तीच तुटते. फार जाड केली तर वजन वाढते आणि फांदी वाकते. जाडी सगळीकडे सारखी हवी, म्हणून लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणे त्यांच्यावरून फिरवा. पीठ दोन बेकिंग पेपरच्या मध्ये ठेवून लाटले तर वरून मैदा भुरभुरवावा लागत नाही.

आकार कापल्यावर ते उचलून ट्रेमध्ये ठेवायला जाऊ नका. उचलताना ताऱ्याचा एखादा पाय हमखास ताणला जातो. त्याऐवजी मधले जास्तीचे पीठ काढून घ्या आणि कागदासकट कुकीज ट्रेवर सरकवा. काढलेले पीठ पुन्हा गोळा करून लाटता येते. दुसऱ्यांदा लाटलेल्या पिठाच्या कुकीज जरा चिवट होतात, म्हणून खायच्या कुकीज पहिल्या लाटीतून कापा आणि झाडासाठी दुसरी लाटी वापरा. चिवटपणा इथे कामाचाच आहे.

आकार निवडताना बारीक मानेचे हरीण, लांब पायांचे पक्षी, नाजूक टोकांचे हिमकण पहिल्या खेपेला बाजूला ठेवा. तारा, हृदय, घंटा, गोल, झाड आणि मोजा हे भरीव आकार पुरे आहेत. मापही ६ ते ८ सेंटिमीटरच्या आत ठेवा. ८ सेंटिमीटरची गोल कुकी आयसिंगसकट सहज ३० ते ४० ग्रॅम भरते, आणि अशा डझनभर एकाच बाजूला टांगल्या तर लहान झाड कलते.

भोक

या कामात सर्वात जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सावकाश घेऊ.

भोक भाजण्याआधी, थंड पिठात पाडायचे. त्यासाठी सरबताची जाड नळी उत्तम, साधारण ६ ते ८ मिलिमीटर व्यासाची. नळी सरळ खाली दाबा, किंचित फिरवा आणि वर घ्या, आतला तुकडा नळीतच राहतो. टूथपिकने पाडलेले भोक भाजताना बुजून जाते, त्यावर वेळ घालवू नका. भोकाची वरची कड आणि कुकीची कड यांत निदान ८ मिलिमीटर, शक्य तर १ सेंटिमीटर अंतर ठेवा. सगळे वजन त्या पट्टीवर येते. टोकदार आकारात, उदाहरणार्थ ताऱ्यात, भोक टोकाच्या शेंड्यात पाडायचा मोह होतो. ते टोकाच्या बुडाशी, जिथे पुरेशी रुंदी आहे तिथे पाडा.

कुकी सरळ लटकेल की तिरकी, हे भोक कुठे आहे यावर ठरते. गोल किंवा तारा असेल तर मधल्या रेषेवर पाडले की झाले. मोजा, पक्षी, घोडा यांसारख्या दोन्ही बाजूंनी सारख्या नसलेल्या आकारांत मधली रेषा फसवते, कारण वजन एका बाजूला जास्त असते. त्यासाठी कटर जाड कागदावर ठेवून पेन्सिलीने आकार काढा, कापा आणि टाचणीने वेगवेगळ्या जागी टोचून लटकवून पाहा. जिथे टोचल्यावर कागद सरळ राहतो, तीच भोकाची जागा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते न करता भाजलेला घोडा कायम तोंडावर पडल्यासारखा लटकतो.

भाजताना भोक थोडे आक्रसतेच. ट्रे बाहेर काढल्याबरोबर, कुकी मऊ आहे तोवर, त्याच नळीने किंवा लाकडी काडीने भोकात गोल फिरवून ते पुन्हा मोकळे करा. ही संधी मिनिटभराचीच असते. कुकी गार होऊन कडक झाली की जोर लावू नका, तडा जातो. तरीही भोक बुजले असेलच तर बारीक चाकूचे टोक हलकेच फिरवत थोडे थोडे कोरून मोठे करता येते.

भाजणे आणि वाळवणे

आकार कापून, भोके पाडून झाल्यावर ट्रे १५ ते २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. थंड पीठ आपला आकार राखते. ओव्हन १७० अंश सेल्सियसला पूर्ण तापू द्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १५० ते १५५ अंश पुरतात. ६ मिलिमीटरच्या कुकीला १२ ते १५ मिनिटे लागतात. कडा जराशा गडद झाल्या आणि मधे बोटाने हलके दाबल्यावर खड्डा राहत नसेल तर झाली. लहान आणि मोठ्या कुकीज एकाच ट्रेवर ठेवू नका. मोठ्या होईपर्यंत लहान करपतात.

खायच्या कुकीसाठी इथे थांबता येते. टांगायच्या कुकीचे मात्र आणखी एक काम उरते. सगळ्या भाजून झाल्या की ओव्हन १२० अंशांवर आणा आणि कुकीज पुन्हा १५ ते २० मिनिटे आत ठेवा. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवा आणि त्या आतच गार होऊ द्या. यात त्यांचा रंग फारसा बदलत नाही, आतला ओलावा तेवढा निघून जातो. आतून ओलसर राहिलेली कुकी हवेतला दमटपणा आणखी ओढते, मऊ पडते आणि भोकापाशी हळूहळू ताणली जाऊन गळते. हा दुसरा भाजा कितीही वेळखाऊ वाटला तरी गाळू नका.

आयसिंग

टांगायच्या कुकीला रॉयल आयसिंगच हवे. बटरक्रीम कधीच घट्ट वाळत नाही आणि चॉकलेट गरम खोलीत पाझरते. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर. वाळल्यावर ते टणक होते.

वरच्या मापाच्या कुकीजसाठी दोन अंड्यांचा पांढरा बलक, ३५० ते ४०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस पुरतो. भांडे आणि फेटणी दोन्ही स्वच्छ आणि कोरडी हवीत. तेलाचा किंवा पिवळ्या बलकाचा थेंबही गेला तर आयसिंग फुलत नाही. साखर दोनदा चाळा. घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर डोळ्यांना बारीक दिसते, पण तिचे कण आयसिंगच्या पिशवीच्या बारीक नोझलमध्ये, म्हणजे टोकाच्या नळीत, अडकतात. ती वापरायचीच असेल तर मलमलीच्या कापडातून गाळून घ्या. साखर थोडी थोडी घालत मंद गतीने चार-पाच मिनिटे फेटा, पांढरेशुभ्र आणि उभे राहणारे मिश्रण तयार होईल.

कच्च्या अंड्याबाबत एक सावधगिरी. कुकीज लहान मुले, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसे खाणार असतील तर ताज्या बलकाऐवजी पाश्चराइज केलेली अंड्याच्या पांढऱ्याची पावडर किंवा मेरिंग पावडर घ्या आणि पाण्याचे माप पाकिटावर पाहा. अंडे अजिबात नको असेल तर काबुली चणे बिनमिठाचे शिजवून उरलेले घट्टसर पाणी वापरता येते. एका बलकाला दोन मोठे चमचे हे प्रमाण. तेही फेटल्यावर फुलते, फक्त वाळायला थोडा जास्त वेळ घेते.

खरे कसब आयसिंग किती पातळ करायचे यात आहे. दोन प्रकार करून ठेवा. पहिले कडेची रेघ काढण्यासाठी, टूथपेस्टइतके घट्ट. दुसरे आतला भाग भरण्यासाठी, त्याहून पातळ. पातळ करताना पाणी चमच्याने घालायचे नाही, थेंबाथेंबाने घालायचे. पारख अशी: भांड्यातल्या आयसिंगवर सुरीने एक रेघ ओढा आणि मनात आकडे मोजा. रेघ १० ते १५ पर्यंत पुसली गेली तर भरायला योग्य. पाचाच्या आत पुसली गेली तर ते कडेवरून ओघळेल, थोडी साखर घाला. २० च्या पुढे जाऊनही रेघ दिसत असेल तर आणखी दोन थेंब पाणी.

रंग जेलचेच घ्या. पातळ रंगाने आयसिंगही पातळ होते आणि पुन्हा साखर घालत बसावे लागते. लाल आणि गडद हिरवा रंग हवा असेल तर थोडा फिका करून तासभर झाकून ठेवा, तो आपोआप गडद होतो. लगेच हवा तसा लाल करायच्या नादात रंग इतका पडतो की कुकी कडू लागते. वापरात नसलेल्या आयसिंगच्या भांड्यावर कायम ओले कापड टाकलेले असू द्या. उघडे राहिले की दोन-तीन मिनिटांत त्यावर पापुद्रा धरतो आणि तोच पुढे नोझल अडवतो.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच सुरुवात करा. कडेपासून २ मिलिमीटर आत घट्ट आयसिंगची रेघ काढा. तशीच एक गोल रेघ भोकाभोवतीही काढा, म्हणजे आतले आयसिंग भोकात उतरणार नाही. रेघ पाच-दहा मिनिटे सुकू द्या, मग पातळ आयसिंग मधे ओतून टूथपिकने कडेपर्यंत पसरवा. वर आलेले बुडबुडे सुईने फोडा, नाहीतर ते वाळल्यावर खड्डे होतात. आयसिंग ओले असतानाच दुसऱ्या रंगाचे ठिपके टाकून त्यातून टूथपिक ओढली तर पाने, पिसे, हृदये असे आकार उमटतात. नवख्याला सर्वात कमी कष्टात सर्वात देखणा परिणाम यातून मिळतो. उठावदार नक्षी हवी असेल तर मात्र खालचा थर पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते. घाईत पांढऱ्यावर लाल रेघ ओढली की लाल पाझरून गुलाबी डाग पडतात.

पूर्ण वाळायला ८ ते १२ तास लागतात, दमट हवेत त्याहूनही जास्त. पहिला तासभर पंख्याचा वारा दिला तर वरचा थर लवकर धरतो आणि चकाकीही टिकते. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटते आणि रंग पाझरतात. वरून कोरडी वाटणारी कुकी आत ओली असू शकते, म्हणून सजावट एका संध्याकाळी आणि टांगणे दुसऱ्या दिवशी, असेच नियोजन करा.

चकचकी आणि चंदेरी मणी विकत घेताना पाकीट नीट वाचा. त्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ पदार्थ विषारी नाही इतकाच, तो खायचा आहे असा नाही. खाण्याजोगा असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

एक गोष्ट सहसा टांगल्यावरच लक्षात येते: लटकलेली कुकी फिरते आणि अर्धा वेळ आपली पाठ दाखवते. दोन्ही बाजू रंगवायच्या असतील तर पहिली बाजू पूर्ण दिवसभर वाळू द्या, मग उलटी करून मऊ कापडावर ठेवा. माझ्या मते एवढा खटाटोप नको, मागे कडेने एक पांढरी रेघ आणि नाव किंवा वर्ष लिहिले तरी पुरते.

काचेची खिडकी

थोडा हात बसला की हा प्रकार नक्की करा. मोठा तारा कापा, त्याच्या मधून छोटा तारा कापून काढा, आणि ती पोकळी कडक, पारदर्शक रंगीत गोळ्यांच्या भरड चुऱ्याने भरा. चुरा सुरुवातीपासून घालायचा नाही. कुकी साधारण ८ मिनिटे भाजून झाल्यावर घालायचा आणि ट्रे पुन्हा आत सरकवायचा. तो वितळून सपाट झाला की लगेच बाहेर काढा, जास्त वेळ ठेवला तर साखर करपते आणि रंग जातो. पूर्ण गार होईपर्यंत कुकी कागदावरून हलवू नका. मागे दिवा आला की ही खिडकी उजळते. पण साखर हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे दमट दिवसांत खिडकी चिकट होते. म्हणून या कुकीज शेवटच्या दोन दिवसांत करा. त्यांना १२० अंशांचा दुसरा भाजा द्यायचा असेल तर तो चुरा घालण्याआधी द्या.

टांगताना

रिबीन ३ ते ५ मिलिमीटर रुंदीची घ्या. बारीक दोरा किंवा मासे पकडायची तार भोकाची कड हळूहळू कापते. साधारण २० सेंटिमीटरचा तुकडा दुमडून त्याचे दुमडलेले टोक भोकातून काढा, मोकळी टोके त्या फासातून ओवून हलके ओढा आणि वर गाठ मारा. धातूचा आकडा थेट भोकात अडकवू नका.

कुकी फांदीच्या लवचिक शेंड्यावर न टांगता खोडाच्या जवळ, जाड भागावर टांगा. जुन्या तारेच्या बल्बजवळ नको, ते तापतात आणि आयसिंग पिवळे पडते. एलईडी दिव्यांचा तसा त्रास नाही. खिडकीच्या काचेला लागून किंवा हीटरच्या वरही नको. घरात कुत्रा असेल तर खालचा अर्धा भाग मोकळा ठेवा. कुकीत चॉकलेट किंवा मनुका असतील तर हा नियम अजिबात मोडू नका, दोन्ही कुत्र्यांना घातक आहेत.

टांगलेल्या कुकीज खायच्या की नाहीत? एक-दोन दिवस टांगून खाल्ल्या तर हरकत नाही, झाडावर कृत्रिम बर्फाचा किंवा इतर कसला फवारा मारलेला नसेल तरच. त्यापुढे धूळ बसते आणि चवही जाते. मी पिठाचे दोन वाटे करते, एक झाडासाठी आणि एक हवाबंद डब्यासाठी. पाहुण्यांपुढे डबा येतो आणि झाडाला कोणी हात लावत नाही.

झाड उतरवताना रिबिनीची गाठ सोडत बसू नका, कात्रीने कापा. गाठ सोडताना कुकीला जो हिसका बसतो, त्यात भोकाची कड तुटते. नीट वाळलेल्या कुकीज कागदाचे थर देऊन पत्र्याच्या डब्यात ठेवल्या तर पुढच्या वर्षी शोभेसाठी पुन्हा वापरता येतात, खाण्यासाठी नाही. डब्याच्या झाकणावर तसे ठळक लिहून ठेवा.